सात नंबरचं सील

महेंद्रनं माझा हात ओढला, तळव्यावर काहीतरी गार ठेवलं आणि माझी बोटं मिटवली. "ओळख," म्हणाला. रुपयाएवढी पत्र्याची चकती, मधून फाटलेली. बघायची गरजच पडली नाही, अंगठ्यालाच कळलं. चकतीवर ठोकलेला सात, आणि त्याच्या आडव्या रेघेचं टोक तुटलेलं. नंबर ठोकायच्या माझ्या पंचाचा कोपरा पहिल्याच वर्षी उडाला होता आणि पंच बदलून द्या म्हणून मी कंपनी बंद पडेपर्यंत सांगत होते.

"तुझं सील, ताई! समर्थच्या आजोबांच्या गोडाऊनमध्ये अख्खा खोका निघाला. ब्रेक ऑइलचे चोवीस डबे. दोन आजच त्याच्या झेन गाडीत भरले. उद्याच्या शर्यतीत तुझ्या हातच्या ऑइलवर ब्रेक मारणार, बोल!"

मी विचारलं, "कधीचे आहेत?"

"जुलै अठ्ठ्याण्णव. पण उघडले थोडीच होते कुणी? सील पॅक म्हणजे सील पॅक."

मी म्हणाले, "छान."

छान. हा एक शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडला आणि महेंद्र खुंटीवरचा शर्ट पिशवीत कोंबून, चहा न पिताच पळाला. रात्री गाडीपाशीच झोपणार होता, खरवईला, समर्थच्या नव्या बंगल्यात. रिक्षा वळेपर्यंत मी दारात उभी होते. चकती मुठीत होती आणि तिची फाटकी कड मला टोचत होती. मी छत्तीस वर्षांची बाई. उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात दिवसभर धागे कापते. माझ्या जिभेला कात्रीएवढीच धार आहे असं तिथल्या बायका म्हणतात, मुकादम तर म्हणतोच म्हणतो. आणि त्या जिभेला ऐन वेळी सुचलं काय, तर छान. आठ वर्षांपूर्वीही मी हेच केलं होतं. तेव्हा छानसुद्धा म्हणाले नव्हते. नुसता पंच ठोकत राहिले होते.

त्या कंपनीचं नाव घेत नाही. ती मेली, आणि मेलेल्याचं नाव घेऊन मला काही मिळणार नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यामागे तिची शेड होती. मोठ्या पिंपांतून ब्रेक ऑइल यायचं, आम्ही बारा बायका ते अर्ध्या अर्ध्या लिटरच्या डब्यांत भरायचो. डब्याच्या तोंडावर पत्र्याची चकती दाबायची, वर फिरकीचं झाकण. प्रत्येक चकतीवर ती लावणारीचा नंबर, म्हणजे तक्रार आली तर कुणाची मान धरायची ते साहेबाला कळावं. माझा सात. साहेबानं नंबर दिला होता मान धरायला, आमच्या अण्णांनी त्याचं पदक केलं. अण्णा म्हणजे माझे वडील, रामभाऊ. नोकरी लागल्याच्या दुसऱ्या महिन्यात ते बाजारात जाऊन माझ्या नंबरचा डबा शोधून घेऊन आले. आमच्या घरात मोटार सोडा, सायकल नव्हती, आणि अण्णांनी ब्रेक ऑइल विकत आणलं. शोकेसमध्ये, बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलं. कुणी पाहुणा आला की झाकण फिरवून त्याला चकती दाखवायची. "वाचा नंबर. आमच्या मायाचा. अख्ख्या हिंदुस्थानात जातो." मग ठरलेलं वाक्य. त्यांच्या आईच्या, बनूबाईच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे, भांडं शिवायला नको म्हणून. "आणि आज तिच्या नातीचं सील बघून लोक डोळे मिटून माल घेतात. याच्या वर काय पाहिजे?" पाहुणा मान हलवायचा. मी चहा ठेवायला उठायचे. त्या वाक्याचा मला अभिमान वाटायचा, तोपर्यंत, म्हणजे अठ्ठ्याण्णवच्या जुलैपर्यंत. त्यानंतर ते वाक्य सुरू झालं की मी गॅसपाशी जाऊन उगाच बर्नर पुसायचे. अण्णा गेले त्याला दोन वर्षं झाली. डबा अजून तिथेच आहे.

महेंद्र त्या वाक्यावर वाढला. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या गॅरेजात पाने हातात घेतल्या दिवसापासून तो गिऱ्हाइकांना सांगत आलाय, माझी ताई ब्रेक ऑइलच्या कंपनीत होती, सील तिच्या हातचं. गाडी चालवायला बसला की मात्र सगळी बडबड बंद. एकदा मला मलंगगडाच्या रस्त्यानं घेऊन गेला होता. वळणावर मी दाराची कडी घट्ट धरली, बाजूला बघितलं तर हा पोथी वाचावी तसा शांत. समर्थनं ते ओळखलं. समर्थ म्हणजे खरवईच्या बुधाजी म्हाताऱ्याचा नातू. जमिनी गेल्या, बंगला आला, लाल झेन आली, पण वेगानं वळण घ्यायचं म्हटलं की याचे हात घामानं ओले. म्हणून गाडी समर्थची, हात महेंद्रचा. चिखलोलीच्या बाजूला एका बिल्डरनं प्लॉट पाडले होते. इमारत एकही नाही, रस्ते मात्र गुळगुळीत डांबरी. जाहिरात म्हणून त्यानं त्याच रस्त्यांवर शर्यत ठेवली. वीस फेऱ्या, तीन आवळ वळणं, आणि लांब सरळ रस्त्याच्या टोकाला नाल्याची सिमेंटची भिंत. तिच्यापुढे रचलेले टायर पुरुषभर उंचसुद्धा नव्हते. पहिल्या आलेल्याला दक्षिणेतल्या खऱ्या ट्रॅकवर चाचणीला नेणार, तिथल्या रेसिंग टीमचा माणूस स्वतः बघायला येणार. चार महिने महेंद्र त्याच एका गोष्टीवर जेवत होता.

आता कुणीही विचारेल, बाजारात नवं ऑइल मिळत नाही काय? ढीगभर मिळतं. पण बुधाजीचा नियम. म्हातारा जवानीत बैलगाड्या पळवायचा. शर्यतीच्या दिवशी बैलाला बाहेरचं काही द्यायचं नाही. पाणी घरचं, पेंड घरची, दावंसुद्धा घरचं. कुणी काय कालवील सांगता येत नाही. एकदा म्हणे कुणाच्या तरी पाहुणचाराच्या गुळानं म्हाताऱ्याचा बैल ऐन चढावर बसला. तेव्हापासून कानाला खडा. बैल गेले, झेन आली, नियम तोच राहिला. गाडीत शर्यतीसाठी जे जाईल ते घरचं, आपल्या कुलपातलं. कंपनीचा माल ठेवायला ज्याचं गोडाऊन होतं तो बुधाजीच. कंपनी गेली, खोका राहिला. आठ वर्षं कुलपात, कुणाचा हात नाही. म्हाताऱ्याच्या हिशेबी याच्याहून चोख काही असूच शकत नाही. उलट बाजारातला डबा, तोही उल्हासनगरच्या बाजारातला, म्हणजे दहा जणांनी हाताळलेला. हात न लागलेलं ते शुद्ध. या देशाला हा रोग जुना आहे. आपण त्यातून सुटलो असं आमच्या लोकांना वाटतं, आणि बघा, माझाच भाऊ त्या शुद्धतेवर पाय ठेवून भिंतीकडे शंभरच्या वेगानं जाणार होता. आणि त्या शुद्धतेवर शिक्का कुणाचा? माझा.

जुलै अठ्ठ्याण्णव. पंप बिघडला होता. सुटा भाग मुंबईहून यायचा होता, तो येत नव्हता, आणि माल तर जायलाच हवा होता. जयदेव नावाचा सुपरवायझर होता, वाईट माणूस नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं याचाच मला राग येतो. तो म्हणाला पिंपांची झाकणं काढा, मगानं भरा. तीन दिवस पिंपं उघडी होती. शेडचा पत्रा गळत होता तिथे आम्ही बादल्या लावल्या होत्या, पण हवेला कोण बादली लावणार? भिंतींना घाम, आमच्या ब्लाउजांना बुरशीचा वास, हवेत पाणी नुसतं लोंबकळत होतं. आणि ब्रेक ऑइल पाणी पितं. आपण समोर बसलेलो असतो आणि ते हवेतलं पाणी पीत असतं, दिसत नाही, रंग बदलत नाही. मला हे शिकवलं भगवंतनं. लॅबमधला पोरगेलासा केमिस्ट. तिसऱ्या दिवशी नमुन्याची बाटली घेऊन मीच गेले होते. त्यानं काचेच्या नळीत ऑइल घालून तापवलं. दोनशे पाच डिग्रीच्या आत उकळता कामा नये. दीडशेही पुरते झाले नव्हते आणि नळीत बुडबुडे नाचायला लागले. भगवंतनं थर्मामीटर पुसून पुन्हा वाचला. मग रजिस्टर ओढलं. रजिस्टरमध्ये आकडा आधीच लिहिलेला होता. दोनशे बारा. वेगळ्या अक्षरात. "माया, वळणावर ब्रेक तापतात," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आत पाण्याची वाफ झाली की पाय खाली जातो. नुसता जातो. जिन्याची शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा." मग त्यानं नळी धुऊन माझ्या हातात दिली. का दिली माहीत नाही. पुढच्या आठवड्यात तो नोकरी सोडून गेला. मी गेले नाही. मी शेडमध्ये परत आले. जयदेवनं विचारलं, "पास?" आणि मी पंच उचलला. त्या तीन दिवसांच्या मालावर मी किती चकत्या दाबल्या ते मोजलं नाही, मोजायची हिंमत नव्हती. आत पाणी होतं, आणि ते बाहेर जाऊ नये म्हणून वरून मी पक्कं सील लावलं. इतकं पक्कं, की आठ वर्षांनी महेंद्रला ते स्क्रू ड्रायव्हरनं फाडावं लागलं.

नळी मी घरी आणली होती. खिडकीत तिच्यात मनीप्लँटची फांदी लावली होती. आठ वर्षं रोज तिच्यात पाणी घातलं मी, पाणीच.

त्या संध्याकाळी मी महेंद्रला फोन करू शकत होते. फोनवर तो "हो हो ताई" म्हणाला असता. ज्या माणसाला तुमचा अभिमान आहे तो तुमचं ऐकत नाही, हा माझा अनुभव आहे. मी फांदी काढून पेल्यात ठेवली. नळी धुतली, तव्यावर कोरडी केली, रुमालात गुंडाळली आणि बाजारात गेले. स्पेअर पार्टच्या दुकानात सिंधी शेठ गल्ला बंद करायच्या बेतात होता. मी म्हटलं, ब्रेक ऑइलचे तीन डबे, इसी साल का, तारीख दिखाओ.

"बहन, तारीख का क्या है? सील देखो, सील."

"सीलच बघत आलेय आयुष्यभर. तारीख दिखाओ."

त्याला माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे. आत जाऊन नवा खोका फोडून आला. गेल्याच महिन्यातले होते.

सकाळी आठला मी चिखलोलीला उतरले. पताका, भोंगा, बिल्डरच्या नावाच्या टोप्या, फेब्रुवारीचं कोवळं ऊन. लाल झेन एका बाजूला, बॉनेट पुसणारा समर्थ, शेजारी खुर्चीवर पांढऱ्या कपड्यातला बुधाजी, गळ्यात बोटाएवढी साखळी. महेंद्र मला बघून लहान पोरासारखा हसला. "आली बघ! समर्थ, ही माझी ताई. सात नंबर!" समर्थनं वाकून नमस्कार केला. खरंच केला. मला वाटलं आत्ता परत फिरावं. या क्षणी निघून गेले तर मी सात नंबरच राहते. शोकेसमधला डबा, अण्णांचं वाक्य, भावाचं हसू, सगळं जागच्या जागी. आणि कदाचित काही होणारही नाही. उकळेल, नाही उकळणार. आठ वर्षांत हजारो डबे हजारो गाड्यांत गेले, कुठे काय झालं मला कुणी येऊन सांगितलं नाही. रस्त्यावरच्या गाडीचा ब्रेक तेवढा तापत नसेल, धकून गेलं असेल. किंवा नसेल गेलं. एखादा घाट, एखादा टेम्पो. पेपरात बातमी यायची "ब्रेक निकामी झाल्याने" आणि मी पान उलटायचे. इतकं जोरात उलटायचे की एकदा फाटलं.

मी म्हणाले, "महेंद्र, हे ऑइल काढ."

"काय?"

"सगळं काढ. नवं आणलंय. हे घाल."

"ताई, दहाला फ्लॅग आहे. सगळी लाइन खाली करून परत भरायची, चारी चाकांच्या ब्रेकमधली हवा काढायची म्हणजे दोन तास. येडी झालीस काय?"

"आत पाणी आहे."

"सील पॅक डब्यात पाणी कुठून येणार?"

समर्थ मध्ये पडला. "ताई, आम्ही स्वतः फोडलंय ना. एकदम क्लिअर होतं, पाण्यासारखं." आणि स्वतःच्याच शब्दावर गप्प झाला.

बुधाजीनं काठी टेकली. "कं गो बाय, शर्यतीचे दिवशी भायेरचा माल आनलास? कुनी पाठवला तुला? पलीकरच्या पोरांनी?"

"मला कोण पाठवणार, आजोबा? माझ्या भावाच्या पायाखाली आहे ते."

"माजे कुलपान होता खोका. आठ वरसां. उंदीर नाय शिरला."

"उंदराचा प्रश्नच नाही," मी म्हटलं. "तुमच्याकडे मीठ पिकवायचं ना कुणीतरी?"

म्हातारा चमकला. "माजे मामाचा मिठागर व्हता. तुला कं त्याचा?"

"पावसात भिजलेलं मीठ गोणीत भरून तोंड शिवलं, आणि आठ वर्षांनी उसवलं, तर कसं निघेल?"

"ओला शिवला तं ओलाच निंगल," तो सवयीनं म्हणाला, आणि मग माझ्याकडे टक लावून बघायला लागला.

"आणि कोरडं शिवलं तरी जुन्या गोणीतल्या मिठाची खात्री देता? पत्र्याचा डबा, भरणारानं नीट भरलेला, झाकण घट्ट, तर टिकतही असेल बरीच वर्षं. असेल. घरची गाडी बाजारात न्यायला ते 'असेल' चालत असेल कुणाला. त्या भिंतीकडे जाताना मला चालत नाही."

महेंद्र चिडला होता. आजूबाजूला लोक जमायला लागले होते. "तुला काय माहीत आत काय आहे? उघडून बघितलंस?"

"चल, उघडू."

वडापावची गाडी वीस पावलांवर होती. कौसाबाई म्हणून बाई, तिच्या कढईत पहिला घाणा उतरत होता. मी नळी दाखवून म्हटलं, मावशी, जरा तुमच्या गरम तेलात ही धरायची आहे.

"अगं बये! माझं तेल नासवतेस? विषबिष असलं तर? ही सगळी गर्दी माझ्या बोकांडी!"

"विषच आहे. म्हणून वेगळं द्या. कालचं जुनं तेल असेल ते छोट्या कढल्यात तापवा. नंतर फेकून द्या, कढलं मी घासून देते."

"घासून नको, मी भंगारात देईन," ती म्हणाली, पण कढलं ठेवलं. गर्दी सरकून जवळ आली. माणसाला शर्यत नाहीतर भांडण, दोन्हीपैकी काहीही चालतं. तेलात तिनं पिठाचा थेंब टाकला, तो तडतडत वर आला. वडा तळायचं तेल. दीडशेच्या चांगलं वर, दोनशेच्या आत. एवढं मला थर्मामीटरशिवाय कळतं, आणि कौसाबाईला तर माझ्याहून जास्त.

आधी नवा डबा फोडला. बोटभर ऑइल नळीत घेतलं, सांडशीनं नळी धरून तेलात सोडली. सगळे वाकले. तेल बाहेर थरथरत होतं, नळीत मात्र काही नाही. स्वच्छ, पिवळसर, निवांत. शंभर आकडे मोजले मी. कुणीतरी म्हणालं, "ह्यात काय बघायचंय?" मी नळी काढली, ओतली, कोरड्या फडक्यानं पुसून काढली. मग समर्थला म्हटलं, खोक्यातला डबा आण. तुझ्या हातानं आण, तुझ्या हातानं झाकण काढ, आजोबांना दाखव.

म्हाताऱ्यानं चकतीवरून अंगठा फिरवला. "सात," म्हणाला. "सील बरोबर हाय."

"फोडा."

समर्थनं फोडलं. मी नळी भरली. रंगात काडीचा फरक नव्हता. क्षणभर मला वाटलं, नाही उकळलं तर? आणि मला लाज वाटते सांगायला, मी मनातल्या मनात म्हणत होते की नको उकळू दे. भावासमोर वेडी ठरेन, गर्दी हसेल, ठरू दे वेडी, पण ते तीन दिवस झालेच नव्हते असं निघू दे. मी नळी तेलात सोडली. वीसपर्यंतसुद्धा मोजणं झालं नाही. तळाशी एक बुडबुडा, मग त्याला चिकटून दुसरा, मग एकदम नळीभर, खदखदा, तोंडातून उडून कढल्याच्या काठावर. कौसाबाई ओरडून मागे सरली. मी नळी धरून उभी राहिले, हात भाजत होता तरी. माझ्या शेडमधला तो तिसरा दिवस त्या नळीत उकळत होता आणि या वेळी त्याच्यावर लिहायला कुणाकडे रजिस्टर नव्हतं.

समर्थनं हातातला फोडलेला डबा खाली ठेवला. मग महेंद्र म्हणाला, हळू, "कंपनीनं फसवलं."

इथे थांबता आलं असतं. अगदी सोयीची जागा होती. कंपनी मेलेली, तिच्या डोक्यावर आणखी एक दगड.

"कंपनीनं मगानं भरायला लावलं," मी म्हटलं. "रजिस्टर खोटं लिहिलं. पण हे असंच नळीत उकळलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं, त्याच दिवशी. आणि त्यानंतर सील मी लावलं. हा सात माझा आहे. सगळ्यांनी नीट बघून घ्या."

महेंद्रचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. अण्णा गेले तेव्हाही नाही. "तुला माहीत होतं? आठ वर्षं? काल तुझ्या हातात चकती दिली तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"आणि तू म्हणालीस छान."

"हो."

"अण्णा मरेपर्यंत लोकांना दाखवत होते तो डबा!"

"त्यातला माल चांगला आहे, पहिल्या वर्षीचा. पण तोही तुझ्या गाडीत घालू देणार नाही मी. शिव्या दे. इथे नको असेल तर घरी दे, आयुष्यभर दे. पण आधी हे काढ."

तो टाचेवर वळला आणि चालायला लागला. मला वाटलं गाडीत बसतोय, रागानं तसाच जातोय भिंतीकडे. भोंग्यावर कुणीतरी गाड्यांचे नंबर वाचत होतं. समर्थ आजोबाकडे बघत होता. बुधाजी खुर्चीतून उठला, खोक्यापाशी गेला, काठीनं खोका लाथाडावा तसा ढकलला. "माजे घरचा व्हता," तो कुणाकडे न बघता म्हणाला. "माजे कुलपान." मग समर्थवर खेकसला, "बगतस कं? जॅक लाव गाडीला!"

पण जॅक महेंद्रनं आधीच काढला होता. त्यासाठीच वळला होता. चारी चाकं त्यानं एकट्यानं उतरवली. ब्रेकच्या टाकीतलं ऑइल उपसलं, नवं ओतलं, प्लास्टिकची नळी चाकामागच्या, हवा सोडायच्या निपलला लावली, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडलं. समर्थ पेडलवर बसायला निघाला तसा महेंद्र गाडीखालूनच म्हणाला, "तू नको. तिला बसव."

मी आयुष्यात कधी चालकाच्या जागी बसले नव्हते. स्टिअरिंग गार होतं. समोर काचेतून सरळ रस्ता दिसत होता आणि त्याच्या टोकाला ती भिंत, ऊन पडून पांढरी झालेली, टायरांच्या वर निम्मी उरलेली.

"मधलं पेडल. तीन वेळा मार आणि धर. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही. सोडलंस तर हवा आत जाईल."

"मारलं. धरलंय."

खाली त्यानं निपल उघडलं आणि माझा पाय खाली गेला. नुसता गेला. भगवंतनं सांगितलेली ती पायरी. मला माहीत होतं की जाणार, बाटलीत ऑइल पडतानाचा आवाज ऐकू येत होता, तरी माझ्या घशातून आवाज निघाला.

"काय झालं?"

"काही नाही."

"बंद केलं. सोड. परत."

मागचं डावं झालं. मागचं उजवं. बाटलीत माझं जुनं ऑइल बुडबुडत साठत होतं, आणि भोंगा आमचा नंबर पुकारत होता. एकदा पुकारला. समर्थ धावत जाऊन काहीतरी विनवून आला, मान हलवत आला. दुसऱ्यांदा पुकारला. टोपीवाला एक माणूस, कोट घातलेला, बहुधा टीमचा, लांबून आमच्याकडे बघून पुढे निघून गेला. मला वाटलं महेंद्र आता पाना फेकेल. त्यानं फेकला नाही. "मार," म्हणाला. "धर." पुढचं डावं. तिसऱ्यांदा पुकारला आणि मग भोंग्यावरचा माणूस दुसऱ्या नंबरकडे वळला. झेंडा पडला असावा. इंजिनं एकदम ओरडली, गाडी जॅकवर बारीक थरथरली, आणि आमच्या शेजारून दहाबारा गाड्या डांबराचा वास उडवत निघून गेल्या. त्या चार महिन्यांचं काय करायचं ते मला माहीत नाही. तो बोलणार नाही कदाचित माझ्याशी, महिना, वर्ष. न बोलण्याचा मला सराव आहे, आता त्याची पाळी.

"शेवटचं चाक," गाडीखालून आवाज आला. "मार."

एक. दोन. तीन.

"धर."

धरलं. पाय गेला. बंद. सोडलं. परत मारलं. परत. आणि सहाव्या का सातव्या वेळी पेडल अर्ध्यावरच थांबलं. मी आणखी जोर लावला. सगळं अंग त्या एका पायावर टाकलं, दात आवळून. खाली काहीतरी खडकासारखं होतं, ते हलेना.

"ताई? कसं लागतंय?"

"कडक," मी म्हणाले.

"खरं सांग."

"खरंच सांगतेय."

तो गाडीखालून सरकत बाहेर आला, दारातून हात घातला आणि माझ्या पायावर तळहात ठेवून स्वतःच्या सगळ्या ताकदीनं दाबलं. त्याच्या हाताचं ऑइल माझ्या पायाला लागलं. पेडल तसूभर खाली गेलं नाही.